अंड्यातला तांबट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये पाय टाकला, तोच उद्धव म्हणाला, "उघडत नाहीये."

काय उघडत नाहीये, हे विचारायची गरज नव्हती. टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर अंडं ठेवलेलं होतं आणि उद्धव त्याच्यापासून दोन हात लांब उभा होता, जसं काही ते आत्ताच त्याला चावलं होतं.

"किती वेळा दाबलंस?" मी विचारलं.

"मोजलं नाही."

म्हणजे बऱ्याच वेळा. उद्धव माणूस चांगला, पण काही अडकलं की आधी दाबतो, मग जोरात दाबतो आणि मग मला फोन करतो. आज त्यानं फोनही केला नव्हता. ते मला दारातच खटकलं.

आकुर्डीच्या मागच्या गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. उद्धवराव आणि मी, भीमराज, असे दोघे भागीदार. वीस वर्षं आम्ही गाड्यांच्या कंपन्यांना फिक्श्चर आणि गेज, म्हणजे सुटे भाग पकडायची आणि मोजायची साधनं, करून दिली. गेज करणारे लोक राणीच्या दागिन्यांच्या वाटेला कसे गेले, म्हणून नातेवाईक हसतात. हसू देत. एका कंपनीच्या समारंभासाठी आम्ही पाकळ्या उघडणारं चांदीचं कमळ केलं होतं. ते एका जुन्या संस्थानच्या राणीसाहेबांनी पाहिलं आणि आम्हाला बोलावून घेतलं. रशियाचे झार आपल्या राण्यांना रत्नजडित अंडी भेट द्यायचे, प्रत्येक अंड्याच्या पोटात काहीतरी गंमत असायची, हे त्यांनीच आम्हाला पुस्तकातली चित्रं दाखवून सांगितलं. तसं एक अंडं त्यांना हवं होतं. परदेशातल्या एका राजघराण्यात लग्न होतं आणि नवरीला त्या ते स्वतःच्या हातानं देणार होत्या.

अंडं मोठ्या हापूस आंब्याएवढं. अंग चांदीचं, त्यावर आमच्या जुन्या लेथवर कोरलेल्या नागमोडी रेघा, आणि रेघांवर मिनलनं चढवलेला निळा मिना. मिनल म्हणजे उद्धवची मुलगी. जयपूरला राहून मिनाकारी शिकून आली. मनासारखा निळा मिळेपर्यंत तिनं आम्हाला भट्टीजवळ उभंसुद्धा केलं नाही. हिरे पुण्याच्या एका जवाहिऱ्यानं बसवले. आणि पोटातला पक्षी माझा.

पक्षी म्हणजे तांबट. राणीसाहेबांच्या बागेत तो दुपारभर टोक टोक करत बसतो म्हणे, म्हणून तोच हवा होता. अंड्याच्या कमरेला एक निळा खडा आहे. खडा दाबला की आतली पातळ पट्टी मागे सरकते, आकडा सुटतो, झाकण उघडतं आणि बोटाच्या पेराएवढा सोन्याचा तांबट वर येऊन मान हलवत टोक टोक करतो. काम एवढंसं, पण त्यानं माझं अख्खं वर्ष खाल्लं. बायको म्हणायची, तुम्ही झोपेतपण मान हलवता.

अकरा वाजता राणीसाहेबांच्या सेक्रेटरी, विजयश्री मॅडम, अंडं घ्यायला येणार होत्या. इथून त्या थेट विमानतळावर जाणार. म्हणजे अंडं आज उघडलं तर उघडलं, नाहीतर राणीसाहेब दुसरं काहीतरी विकत घेऊन जाणार आणि हे आमच्या गळ्यात पडणार. आणि अडकलं होतं ते माझं काम. मिना शाबूत होता, हिरे जागेवर होते. पट्टी माझी होती, आकडा माझा होता.

मी हात पुसले आणि खडा हळूच दाबला. तो अर्ध्यावर गेला आणि थांबला. स्प्रिंग तुटली असती तर खडा ढिला पडला असता. हा तसा प्रकार नव्हता. आत पट्टीच्या वाटेत काहीतरी आलं होतं, आणि जे आलं होतं ते जरासं दबत होतं, पण हटत नव्हतं.

"उद्धव, परवा मी बंद करून ठेवलं, त्यानंतर कुणी उघडलं होतं?"

"कोण उघडणार?" तो म्हणाला.

हे उत्तर नव्हतं, उलट प्रश्न होता. पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

वर्कशॉपभर आदल्या दिवशीच्या पूजेच्या खुणा होत्या. लेथला झेंडूचा हार, मिलिंग मशीनला आंब्याचा डहाळा, कॉम्प्रेसरला हळदकुंकू, चहाच्या केटललासुद्धा हळदकुंकू. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा होते, आणि शस्त्र म्हणजे पाना-पक्कडीपासून माझ्या भिंगापर्यंत सगळंच. मी त्या दिवशी नसतो. आमच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून आम्ही सगळे देहूरोडच्या विहारात जातो. वडील कारखान्यात होते तेव्हापासून ही रीत आहे. वीस वर्षांत यावरून आमच्यात कधी अर्धा शब्द झाला नव्हता. तो पूजा करायचा, मी विहारात जायचो. दुसऱ्या दिवशी तो मला पेढे द्यायचा आणि मी त्याच्यासाठी डब्यात खीर आणायचो. त्या दिवशीही खिरीचा डबा माझ्या पिशवीत होता.

"मला भिंग दे," मी म्हणालो.

त्यानं भिंग दिलं नाही. तो मशीनकडे बघत होता.

"काल सगळे होते, भीमराज," तो म्हणाला. एरवी तो मला भीमा म्हणतो. "एकेका मशीनला आम्ही हात जोडले. आज सगळी मशीनं चालू आहेत. तू नव्हतास आणि तुझंच काम तेवढं अडकलं. आता याला काय म्हणायचं, तूच सांग."

अंगाचा तिळपापड झाला, पण तो नंतर. आधी लागलं. वीस वर्षं हा माणूस माझ्या डब्यातली भाकरी खातोय. माझ्या मुलीच्या लग्नात यानं कमरेला टॉवेल बांधून पंगत वाढली. आणि इतकी वर्षं याच्या डोक्यात कुठेतरी हे वाक्य बसून होतं? आज सुचलं म्हणावं, तर इतकं पटकन सुचलं कसं?

"उघडून देतो," मी म्हणालो. "आणि मग जातो."

"जातो म्हणजे?"

"जातो म्हणजे जातो. तुझी मशीनं, तुझी पूजा, तुझं वर्कशॉप. मी पुन्हा येत नाही."

तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो. अरे, रागात बोललो, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

मी भिंग शोधायला कपाटाकडे वळलो आणि मागे मिनल ओरडली, "बाबा, हात काढा! आधी हात काढा!"

ती आत्ताच आजीला घेऊन आली होती. मी वळून पाहिलं तर उद्धवच्या हातात फट मोजायच्या फीलर गेजची सगळ्यात पातळ पाती होती आणि ती तो झाकणाच्या फटीत घालत होता. मिनलनं त्याचं मनगट धरलं.

"मिना म्हणजे काच आहे, बाबा. काठाला एक टवका उडाला तर सगळं खरवडून परत भट्टीत घालावं लागेल. आणि भट्टीत घालायचं तर हिरे काढावे लागतील. मग देऊच नका ना, घरीच ठेवा!"

"मग करू काय? ती बाई येतेय!"

"भीमाकाका आहेत ना?" ती म्हणाली.

तिला बिचारीला काय माहीत, आत्ता इथं काय झालं ते.

उद्धवची आई, तानूबाई, दारातच उभ्या होत्या. चाकणच्या पुढे त्यांचं गाव. दसऱ्याला त्या पूजेसाठी येतात आणि दोन दिवस राहतात. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पितळेचा डबा. "लगनाचा आहेर निघायचा हाय आज," त्या मला म्हणाल्या. "घरातलं मोठं मानूस नको व्हय? म्हनून आले. तू असा का दिसतोस, भीमा? बरं न्हाई का?"

"बरा आहे, आई," मी म्हणालो, आणि त्यांना खुर्ची दिली.

खालून उघडायचा प्रश्नच नव्हता. तळाची चकती मिना चढवायच्या आधीच डाग देऊन बंद केली होती. आता तापवली असती तर मिना तडकला असता. आत जायला एकच वाट उरली होती: तळाशी चावी देण्याचं भोक. पेन्सिल जाईल न जाईल एवढं. त्यातून बोट जात नाही, चिमटा जात नाही. पण नजर जाऊ शकते.

मी पलीकडच्या गल्लीत सनीकडे गेलो. त्याचं डाय कास्टिंगचं, म्हणजे साच्यात वितळलेला धातू भरून भाग काढायचं, काम आहे. कास्टिंगच्या पोटात पोकळी राहिली का, ते बघायला त्याच्याकडे बोअरस्कोप असतो. वायरच्या टोकाला बारीक कॅमेरा, डॉक्टर पोटात घालतात तसा, आणि चित्र मोबाइलवर दिसतं.

"कुणाचं पोट बघायचंय, काका?" सनी हसत म्हणाला.

"अंड्याचं."

"पिल्लू निघालं तर फोटो पाठवा!"

मला हसू आलं नाही. मी परत आलो तर गेटसमोर पांढरी गाडी उभी होती. मॅडम लवकर आल्या होत्या. दुष्काळात तेरावा महिना.

विजयश्री मॅडम खुर्चीत सरळ बसल्या होत्या. साधी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. मिनलनं दिलेला चहा हातात होता आणि तानूबाई त्यांना लग्नात जेवायला काय काय असणार ते विचारत होत्या. उद्धव मधे उभा राहून टेबल झाकायचा प्रयत्न करत होता.

"शेवटचं पॉलिश चाललंय, मॅडम," तो म्हणाला. "पाचच मिनिटं."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ? मी बोअरस्कोप टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "मॅडम, अडकलंय. उघडत नाहीये. आत काय आहे ते आता बघतो."

मॅडमनी कप खाली ठेवला. आवाज चढला नाही, पण चेहरा बदलला. "उघडेल?"

"अजून सांगता येत नाही."

"राणीसाहेब ते सगळ्या पाहुण्यांसमोर स्वतः उघडून देणार आहेत. तिथं उघडलं नाही तर काय होईल, तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग बघा. मी थांबते. पण बंद अंडं मी नेणार नाही."

उद्धवनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या घराला काडी लावली होती.

अंडं उलटं करून वाळूच्या पिशवीवर नीट बसवलं. मिनलनं ते दोन्ही हातांनी धरलं. मी कॅमेरा भोकातून हळूहळू खाली सोडला. मोबाइलवर आधी नुसता सोनेरी धूसर रंग दिसला. मग माझी चाकं. मग तांबटाचा पाय. मग पट्टीची खोबण. आणि खोबणीत, पट्टीच्या बरोबर तोंडाशी, काहीतरी लाल.

मी कॅमेरा जरासा फिरवला. चित्र स्वच्छ झालं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवानं माखलेला, अख्खा, पाचर मारल्यासारखा आडवा बसलेला.

अक्षता.

मिनलनं श्वास आत ओढला तो मला ऐकू आला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग बापाकडे. उद्धव माझ्या खांद्यामागे उभा होता. त्यालाही दिसलं. मी वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं समजलं. काल यानं पूजेत अंडं उघडलं होतं. मी हजारदा सांगून गेलो होतो की उघडू नका. यानं उघडलं, कुणीतरी तांबटावर अक्षता टाकली, आणि यानं झाकण लावून टाकलं. कोण उघडणार, म्हणे.

आणि मी नव्हतो म्हणून अडकलं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला ओरडून सांगावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं.

पण खुर्चीत तानूबाई बसल्या होत्या. अक्षता कुणाच्या हातची असणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. परक्या बाईसमोर त्यांची मान खाली जावी, हे मला नको होतं. त्यांना दिसू नये म्हणून मी मोबाइल पालथा ठेवला.

"काय दिसलं?" मॅडमनी लांबूनच विचारलं.

मी काही बोलायच्या आत उद्धव म्हणाला, "तेल सुकलंय, मॅडम. मेकॅनिझममध्ये होतं असं कधी कधी. जास्त तेल पडलं की."

तेल म्हणजे माझं काम. तेल मी घालतो, सुईच्या टोकानं, एका चाकाला एक थेंब. सगळ्या वर्कशॉपला हे माहीत आहे. आईला वाचवायला यानं दुसऱ्यांदा माझ्या गळ्यात घातलं, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मिनल म्हणाली, "बाबा!" एवढंच म्हणाली आणि थांबली.

मला त्या क्षणी अंडं तसंच टाकून निघून जावंसं वाटलं. खरं सांगतो, पाय निघालेच होते. पण वाळूच्या पिशवीवर तो पक्षी उलटा अडकून पडला होता आणि तो माझा होता. त्याला तिथं सोडून मला जाता येत नव्हतं.

कॅमेरा आत असताना भोकातून दुसरं काही जात नव्हतं. म्हणजे बघायचं, लक्षात ठेवायचं, कॅमेरा काढायचा आणि मग आंधळ्यासारखं काम करायचं. मी दाणा कुठं आहे ते डोळे मिटून तीनदा आठवून पाहिलं. पट्टीच्या तोंडाशी, तांबटाच्या डाव्या पायाच्या मागे. पलीकडे लगेच पहिलं चाक. दाणा तिकडे सरकला आणि दात्यांत गेला तर संपलं. मग खडाही नाही आणि पक्षीही नाही.

"काका, थेंबभर पाणी सोडलं तर?" मिनल कुजबुजली.

"तांदूळ आहे तो. फुगेल," मी तिच्या कानाशी म्हणालो.

मी पोलादाची बारीक तार घेतली, टोकाला किंचित वाकवली आणि टोकावर मेण लावलं. मेण बोटांत मळून मऊ केलं. दाण्याला चिकटेल एवढं, पण मागे उरणार नाही एवढंच. मी हात मांडीवर दाबून धरले. मग तार आत सोडली.

बाहेरून टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न तेवढा वाजत होता.

तार पायाला लागली. मी ती जरा मागे घेतली, डावीकडे वळवली, खाली सोडली. काहीतरी कडक लागलं. मी हलकेच दाबलं, मेण चिकटावं म्हणून. आणि ते सरकलं. पलीकडे सरकलं. चाकाच्या बाजूला.

"गेलं?" उद्धवनं विचारलं.

"गप्प बस," मी म्हणालो.

तार बाहेर काढली, कॅमेरा आत घातला. दाणा खोबणीच्या अगदी काठावर होता. अर्धा आत, अर्धा चाकावर झुकलेला. पुन्हा असाच सरकला तर सरळ दात्यांत. मिनलच्या कपाळावरून घाम हनुवटीवर आला होता, पण तिनं अंडं सोडलं नाही. मी मोबाइल पुन्हा पालथा ठेवला तोवर मॅडम उठून टेबलाजवळ आल्या होत्या. त्यांचं घड्याळ माझ्या कानाजवळ टिकटिकत होतं.

या वेळी मी वरून दाबलं नाही. तारेला पलीकडून वळसा दिला, चाक आणि दाणा यांच्यामधून, आणि माझ्याकडे ओढलं. तार चाकाला घासली ते मला बोटात जाणवलं, दात कोरताना जाणवतं तसं. मग एक छोटा अडथळा आला. मी मेण तिथं टेकवलं आणि थांबलो. मेण थंड होऊ दिलं. आणि मग अगदी हळू, विहिरीतून घागर ओढावी तशी, तार वर घेतली.

टोकाला लाल दाणा होता. मी तो तळहातावर घेतला आणि मूठ मिटली.

मिनलनं अंडं सरळ केलं. मी खडा दाबला. खडा पार आत गेला. झाकण उघडलं, तांबट वर आला, आणि मान हलवत म्हणाला, टोक टोक, टोक टोक.

मिनल हसली की रडली ते सांगता येणार नाही. मॅडमनी मोठा सुस्कारा सोडला. मग त्या खाली वाकल्या.

"हे पक्ष्याच्या डोक्यावर काय आहे?"

सोन्याच्या डोक्यावर हळदीचं आणि कुंकवाचं बोट उमटलं होतं.

"रंग आहे, मॅडम," उद्धव घाईनं म्हणाला. "पॉलिशचा. तेलाबरोबर जरा..."

"म्हणजे तेलच होतं?" मॅडमनी मला विचारलं.

मी मूठ आणखी घट्ट केली. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायची हिंमत नव्हती. उद्धव माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत विनवणी होती, आणि तिचाच मला जास्त राग आला.

"भीमा," तानूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीतून उठल्या होत्या. "मूठ उघड."

"काही नाही, आई."

"मूठ उघड, बाळा."

मी उघडली. तळहातावर घामानं कुंकू ओघळलं होतं आणि मधोमध दाणा होता.

तानूबाईंनी तो पाहिला. मग त्या मॅडमकडे वळल्या. "तेल न्हाई, बाई. माझी अक्षता हाय ही. काल उद्धवनं मला उघडून दाखवलं. पाखरू लगनाला चाललंय म्हनला. मग लगनाला निघालेल्याच्या डोक्यावर अक्षता नकोत व्हय? मी हळदकुंकू लावलं, अक्षता टाकली. आत जाऊन बसंल हे मला काय ठाव! ह्या मानसाची काय बी चूक न्हाई. ह्यो तर काल हितं नव्हताच."

मॅडमनी मला सांगितलं, "पक्षी पुसून द्या. आणि आता मला दहा वेळा उघडून दाखवा."

मी दहा वेळा उघडलं. दहाही वेळा तो वर आला. मॅडमनी अंडं पेटीत ठेवून घेतलं, आम्हाला नमस्कार केला आणि तानूबाईंना वाकून, जरा जास्तच वाकून, नमस्कार केला. गाडी निघून गेली.

मग मी माझी पिशवी उघडली. भिंग, चिमटे, बारीक कानशींचा डबा, सगळं एकेक करून आत ठेवलं. खिरीचा डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला, कारण तो मी त्यांच्यासाठीच आणला होता. उद्धव बघत होता. मिनल म्हणाली, "काका, हे काय?"

"कुठं निघालास?" तानूबाईंनी विचारलं.

"घरी, आई."

"हत्यारं घिऊन?"

मी पिशवीची चेन ओढली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. शेती केलेली बाई आहे. ढग बघून तिला पाऊस कळतो, तर दोन माणसांची तोंडं बघून भांडण कळणार नाही?

"उद्धव, काय म्हनलास तू ह्याला?"

"काही नाही, आई. कामाचं टेन्शन होतं."

"काय म्हनलास, ते सांग."

"सोड ना आई."

"मला ऐकायचंय. ह्याला म्हनलास, तसंच म्हन. शब्द न् शब्द."

उद्धव उभ्या उभ्या लहान झाला. त्याचे केस पांढरे झालेत, चष्मा आहे, पोरीचं लग्न बघतोय, आणि आईसमोर तो चष्मा काढून पुसायला लागला. मला वाटलं, नाही म्हणणार. मग खाली बघून तो म्हणाला, "म्हणालो, सगळे पूजेला होते. हाच नव्हता. म्हणून... याचंच काम अडकलं."

मिनलनं तोंडावर हात घेतला.

तानूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर उद्धवला सोपं गेलं असतं.

"ह्यो नव्हता म्हनून न्हाई अडकलं," त्या म्हणाल्या. "मी व्हते म्हनून अडकलं. ह्यो जातोय तर मला बी सांग, मी कुठं जाऊ?"

आणि त्यांनी पितळेचा डबा उचलला, पदर सावरला आणि माझ्या आधी दाराबाहेर पडल्या. मी मागोमाग गेलो तर त्या माझ्या स्कूटरजवळ उभ्या. "चल भीमा. मला फाट्यावर सोड. तिथनं येष्टी मिळंल गावाकडची."

"आई, तुम्ही राहा ना इथं," मी म्हणालो. "तुमचं काय आहे यात?"

"तुझं तरी काय व्हतं?"

मी पिशवी पुढे ठेवली, स्कूटर चालू केली. त्या एका बाजूला पाय सोडून मागे बसल्या आणि माझा खांदा धरला. गल्लीत सनी बाहेर आला होता, चहावाला बघत होता, शेजारच्या कंपनीची जेवणाची सुट्टी झाली होती.

उद्धव पळत आला आणि स्कूटरच्या पुढ्यात उभा राहिला. हँडल धरलं.

"आई, उतर."

"तुझ्या म्हनन्यानं न्हाई उतरायची."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा नीट पाहिलं. "भीमा, चुकलो मी," तो म्हणाला. हळू नाही म्हणाला. सनीला, चहावाल्याला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी उघडलं होतं. मला माहीत होतं मी उघडलं होतं, आणि तरी तुला बोललो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. आणि तरी राग गेला नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. वीस वर्षांत तो काही चुकला की मी म्हणत आलो, जाऊ दे. या वेळी ते तोंडातून निघेना. हे जाऊ देण्यासारखं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "चुकलास."

त्यानं मान हलवली. हँडल सोडलं नाही.

"आता तू सांग, भीमा," तानूबाई मागून म्हणाल्या. "उतरू का?"

मी स्कूटर बंद केली.

"उतरा, आई," मी म्हणालो. "मी उद्या येतो. याच्याशी उद्या बोलेन. आज मला घरी जाऊ द्या."

त्या उतरल्या. मी पिशवी मात्र उतरवली नाही. उद्धवनं ती पाहिली आणि बाजूला होऊन मला वाट दिली.